खिळ्याला टांगलेली वही

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. "वन्सं, पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलंय. चार दिवस कल्याणला राहावं लागेल. बायजवळ याल का?" वहिनी कधी कुणाकडे काही मागत नाही. मी रजा टाकली आणि डोंबिवलीहून आसनगाव लोकल पकडली.

किन्हवली हे शहापूर-मुरबाड रस्त्यावरचं आमचं गाव. बाय म्हणजे माझी भाची. आमच्याकडे मुलींना लाडाने बायच म्हणतात. जन्मतःच ती रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला. सेरेब्रल पाल्सी. आज ती नऊ वर्षांची आहे, वजन सतरा किलो. बसता येत नाही, बोलता येत नाही, फिट्स येतात. गिळताना अन्न श्वासनलिकेत जायचं आणि दर पावसाळ्यात न्यूमोनिया व्हायचा, म्हणून तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नाकातून पोटात जाणारी नळी घातली. तेव्हापासून तिचं जेवण नळीतूनच.

आता खरं सांगते. इतकी वर्षं मी या घराची सल्लागार होते. डेव्हिड वर्नर नावाच्या माणसाने मेक्सिकोतल्या खेड्यांतल्या अनुभवावर 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं आहे, १९८७ सालचं. गावातल्या वस्तूंतून अशा मुलांसाठी खुर्च्या, आधार, खेळणी कशी करायची याची त्यात शेकडो चित्रं आहेत. ती पानं छापून मीच दादाला दिली होती. त्यातलं चित्र बघून दादाने जुन्या दाराच्या फळ्यांची कोपऱ्यासारखी खुर्ची केली. दोन फळ्या काटकोनात, म्हणजे खांदे आपोआप पुढे येतात. मध्ये एक गुळगुळीत खुंटी, म्हणजे ताठरलेले पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात नाहीत. आतून गोधडी. दुकानातल्या खुर्चीची किंमत आम्ही नुसती विचारून परत आलो होतो. मला त्या खुर्चीचा फार अभिमान होता. चार लोकांना फोटो दाखवले होते.

आणि पहिल्याच दुपारी बायला जेवण देताना माझे हात थरथरले.

पन्नास मिलीची सिरिंज नळीला जोडायची, दट्ट्या काढून टाकायचा, पेज ओतायची आणि ती आपोआप उतरू द्यायची. इतकंच. मी सिरिंज डोक्याच्या वर धरली. पेज भसकन उतरली. बायने उलटी केली, ठसका लागला, ओठ काळपट दिसायला लागले. आई धावत आली आणि मला म्हणाली, "अगं, कर काहीतरी!" मला काय करायचं तेच कळेना. दादा शेतावर. मी वहिनीला फोन लावला. ती सलाईन लावून वॉर्डात पडलेली. तिकडून शांत आवाज आला, "आधी नळी चिमटा. कुशीवर करा. तोंड पुसून घ्या. मग नाकाशी नळीवर पेनाची खूण आहे ती बघा, सरकली का?" खूण जागेवर होती. दोन मिनिटांत बायचा श्वास लागला नीट. तरी वहिनी म्हणाली, "आता काही घालू नका. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवा, त्यांनी छाती ऐकून नळी तपासली की मगच."

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून मला एक गोष्ट लखख दिसली. घरात तीन मोठी माणसं, गावात नातेवाईक भरपूर, आणि बायला जगवायची विद्या फक्त एका बाईच्या हातात. खुर्ची करणाऱ्या दादाने तीन वर्षांत एकदाही नळीतून जेवण दिलं नव्हतं. "तिलाच जमतं ते," असं आम्ही सगळे कौतुकाने म्हणायचो. त्या कौतुकाने वहिनीला नऊ वर्षं सलग झोप मिळाली नव्हती.

मग मी दोनशे पानी वही घेतली आणि चार दिवस फोनवर वहिनी सांगेल ते लिहीत गेले. त्यातलं थोडं इथे देते, कुणाच्या घरी उपयोगी पडेल म्हणून. मात्र नळीचं माप, जेवणाचं प्रमाण, औषध हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

जेवण: डब्यातली पावडर परवडत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिल्याप्रमाणे नाचणीची पेज, मुगाचं वरण, दूध, चमचाभर तेल. मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचं, नाहीतर नळी तुंबते. दर वेळी ताजं. सिरिंज तिच्या खांद्याच्या जरा वर, त्याहून उंच नाही. दट्ट्याने ढकलायचं नाही. शेवटी वीस मिली कोमट पाणी. नंतर किमान अर्धा तास पाठ उंच ठेवायची. खूण सरकली असेल, खोकला किंवा धाप असेल, तर थेंबही घालायचा नाही.

पाणी: तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्या शहापूर भागातली, आणि उन्हाळ्यात इथल्याच कितीतरी पाड्यांवर टँकर. तेव्हा पाणी कुठलंही असो, उकळून गार केलेलंच.

पाठ: दर दोन तासांनी कूस बदलायची. वहिनीने जुन्या जीन्सच्या पायांच्या लांब उशा शिवून त्यात भाताचा तूस भरला आहे. तूस आमच्याकडे फुकट. एक पाठीला, एक गुडघ्यांच्या मध्ये. पहिल्या वेळी तुसाच्या धुळीने बायला खोकला झाला, तेव्हापासून आत प्लास्टिकची पिशवी आणि वर दुहेरी कापड.

छाती: डॉक्टरांनी पंप दिला आहे. त्याचा स्पेसर हरवला तेव्हा त्यांनीच सांगितलं की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला बुडाशी पंपाच्या मापाचं भोक पाडून घट्ट चिकटवलं तरी चालतं. मला पटेना, म्हणून शोधलं. केपटाऊनच्या डॉक्टरांनी दम्याच्या मुलांवर हे तपासून १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं आहे. बाटलीचा स्पेसर विकतच्या इतकाच चांगला ठरला. पावसात लाइट जाते म्हणून कफ ओढायला पायाने चालणारं सक्शन यंत्र घेतलं आहे, जुनं.

फिट: कुशीवर करायचं, घड्याळ बघायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. (हे आईसाठी मोठ्या अक्षरात लिहिलं!) पाच मिनिटांच्या आत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा आणि १०८ ला फोन. फिटचं रोजचं औषध एक दिवसही चुकवायचं नाही. इथे काटकसर नाही. खुर्ची फळ्यांची चालते, उशी तुसाची चालते, पण औषध आणि नळी यांत जुगाड नाही.

कागद: अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड, आणि नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना. वर्षाला एक लाखापर्यंत, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना वैद्यकीय तपासणीशिवाय मिळते. दादाला हे सात वर्षं माहीतच नव्हतं.

चौथ्या दिवशी वहिनी घरी आली, पण डॉक्टरांनी महिना-दीड महिना वजन उचलायला बंदी केली होती. माझी रजा संपत आलेली. रात्री दादाला म्हटलं, "उद्यापासून सकाळचं जेवण तू." तो म्हणाला, "माझ्याच्याने नाही व्हायचं, हात राकट आहेत माझे." वहिनी खाटेवरूनच म्हणाली, "भाताची रोपं लावतात त्याच हातांनी ना?" दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी समोर उभं राहून त्याला शिकवलं. पहिल्या दिवशी घाम फुटला त्याला. आठवड्याने वही न बघता द्यायला लागला. आईने फिटचं घड्याळ आपल्याकडे घेतलं.

मला गडचिरोलीची आठवण झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने तिथल्या ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते, तेही १९९९च्या 'लॅन्सेट'मध्ये आलं आहे. त्यांनी गावात विद्या नेली, हे मी नेहमी वाचत आले होते. पण विद्या गावात पोहोचली तरी घरात एकाच माणसापाशी अडकून राहू शकते, हे मला आपल्याच घरात कळलं.

आपण म्हणतो, घरगुती उपाय स्वस्त. फळ्या जुन्या, तूस फुकट, बाटली रिकामी. हिशोबात फक्त वहिनीच्या रात्री धरलेल्या नसतात. त्या धरल्या तर या घरातलं काहीच स्वस्त नाही. म्हणून मला विचाराल, तर असं मूल घरी असलेल्यांना मी पहिला सल्ला खुर्चीचा देणार नाही. आणखी एका माणसाला शिकवा, आणि ते लिहून ठेवा.

मागच्या गौरी-गणपतीला वहिनी नऊ वर्षांत पहिल्यांदा माहेरी दोन रात्री राहिली. पहिल्या दिवशी अकरा फोन केले, दुसऱ्या दिवशी दोन. परवा किन्हवलीला गेले होते. वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते, पानांना पेजेचे डाग. शेवटच्या पानावर वहिनीच्या अक्षरात एक नवीन ओळ होती: लाइट गेली की बाय घाबरते, जवळ बसून काहीतरी बोलत राहा.

हे मला तिने फोनवर सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.