नवसाचे गाव, शेजाराचे गाव

मुंबई पाहावयास आलेला पाहुणा गेटवे पाहतो, राणीची बाग पाहतो आणि भाद्रपदात आला तर लालबागला येतोच. राजाच्या रांगेत तो तासन्‌तास तिष्ठतो. परतताना चिवडा गल्लीतला चिवडा आणि डंकावर कुटलेला मसाला पिशवीत पडतो. मात्र हे दर्शनस्थान कोणाच्या नवसातून उभे राहिले, याची चौकशी सहसा होत नाही.

1932 साली येथील पेरू चाळीचा बाजार बंद झाला. मासळी विकणारे कोळी बांधव आणि किरकोळ व्यापारी उघड्यावर आले. हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणरायाला नवस केला. जागा मिळाली आणि 1934 साली मूर्ती स्थापन झाली, तीही कोळी वेषात! व्यापारी कुटुंबांना या नवसाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जागा म्हणजे केवळ डोक्यावरचे छप्पर नव्हे. ठरलेल्या ठिकाणी बसणाऱ्यालाच गिऱ्हाईक शोधत येते आणि उधारीही मिळते. पत्ता हीच पहिली पत होय.

या बेटांचे आद्य रहिवासी कोळी. ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळाले, ती त्यांचीच देवता. आज तिचे देऊळ झवेरी बाजाराच्या शेजारी आहे. लालबागपासून जवळच, परळच्या बारादेवी मंदिरात, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे भव्य शिवशिल्प आहे. 1931 साली रस्त्याचे काम चालू असताना ते सापडले. भायखळ्याचे मोतीशा शेठांचे आदिनाथांचे देरासर त्यामानाने अलीकडचे. व्यापारी समाज या किनाऱ्यावर नंतर आला, रुजला आणि भरभराटीस आला.

आता गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत आणि त्यांत जैन कुटुंबेही राहतात. मासळीच्या वासावरून कुठे कुठे कुरबुर होते. आहाराविषयीची निष्ठा सोडावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु व्रत स्वतः घ्यावयाचे असते, शेजाऱ्यावर लादावयाचे नसते. कोळणीची टोपली हलवा, असे म्हणताना तिची जागा आपण पुन्हा एकदा काढून घेत आहोत, याचे भान हवे. अहिंसेत दुसऱ्याच्या उपजीविकेला व मनाला धक्का न लावणेही येतेच. अनेकांताची शिकवण केवळ ग्रंथापुरती नाही.

श्वेतांबर परंपरेतील संवत्सरी बहुधा गणेश चतुर्थीच्याच सुमारास येते. त्या दिवशी मिच्छामि दुक्कडम्‌चे संदेश देशोदेशीच्या नातलगांना जातात. त्यांतला एक शब्द जिन्याखालच्या बाजारापर्यंतही जावा. आणि पुढच्या वेळी पाहुण्यांना लालबाग दाखवताना, मुलांनी त्यांना 1934 सालच्या त्या कोळी वेषातील मूर्तीची हकीकत अवश्य सांगावी.