पऱ्हाटीची धुणी

"काय रे, धोबीघाट काढलास का?" हॉस्टेलमागच्या नळावर बादलीत पऱ्हाटीचा भुसा खळबळताना हा प्रश्न मी महिनाभर ऐकला. विंगमधल्या मंडळींना काय सांगणार? फायनल इयरचा प्रोजेक्ट होता : कपाशीच्या पऱ्हाटीपासून बायो-ऑइल.

पऱ्हाटी घरचीच. बाबांनी दोन पोती एसटीने पाठवली. आमच्याकडे ती चुलीत जाते, उरलेली धुऱ्यावर पेटवतात. वावरात ठेवली तर बोंडअळी तिच्यात मुक्काम करते. ते जळताना पाहूनच विषय घेतला होता.

हवा लागू न देता ५०० अंशांच्या आसपास झटकन तापवायचं, वाफ दोन सेकंदांत थंड करायची, की काळपट तेल मिळतं. पुस्तकात लाकडाचं ६० ते ७५ टक्के तेल होतं. आमच्या जुगाडू रिअॅक्टरने पहिल्या दिवशी दिला कोळसा, आणि वर पाणी!

रिअॅक्टर हळू तापतो हे खरंच. पण सर म्हणाले, "राखेत काय आहे ते बघ." राखेत होतं पोटॅशियम. ते भट्टीत उत्प्रेरकासारखं वागतं आणि तेलाच्या वाटेवरचा माल कोळसा, पाणी, वायू यांच्याकडे वळवतं. बराचसा पोटॅश गरम पाण्यात निघतो, म्हणून ही धुणी. तीच भट्टी, तेच तापमान. धुतलेल्या भुशातून तेल वाढलं, कोळसा घटला. त्या रात्री मेसची वांग्याची भाजीसुद्धा गोड लागली.

सेमिनारमध्ये एका मॅडमनी विचारलं, "ओव्हनची वीज मोजलीत?" मी गप्प. रात्री हिशेब केला. एक किलो पाणी उडवायला सव्वादोन मेगाज्यूल, आणि ओला भुसा स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी धरून बसतो. तेलात किलोमागे जेमतेम १७ मेगाज्यूल, डिझेलच्या निम्मेही नाही. धुऊन कमावलेलं ओव्हनने खाल्लं होतं! मग भुसा गच्चीवर, उन्हात. राखणीला मी आणि रूममेट, कारण वारा कोणाचा सबमिशनचा मुलाहिजा ठेवत नाही.

फोनवर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "मोटारपंपाच्या इंजिनात चालेल का?" म्हटलं, नाही, तेल आंबट आहे, लोखंड खातं. थोडं थांबून म्हणाले, "अन् ते धुतलेलं पाणी?"

"मोरीत ओतलं."

"म्हणजे वावरातला पोटॅश मोरीत ओतून आला तू?"

दुसऱ्या दिवसापासून बादली मेसमागच्या लिंबाच्या झाडाला.