‘आपल्याला कोण घेतंय तिथं?’

१६ जून २०२५, सोमवार
शाळा उघडली. पैठण रस्त्यावर सकाळपासून टिपरची ये-जा. बिडकीनची औद्योगिक वसाहत ७,८५५ एकरांवर पसरली आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करचा करार झाला, सप्टेंबरात पंतप्रधानांनी वसाहतीचं लोकार्पण केलं. आठवीच्या वर्गाला विचारलं, तिथं काम कुणाकुणाला करायचंय? एकही हात वर झाला नाही. “आपल्याला कोण घेतंय तिथं?” एक पोरगा म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेरा वर्षांची मुलं ही. अजून कुणी त्यांना नाही म्हटलेलंसुद्धा नाही.

२३ जून, सोमवार
अपूर्णांकांची उजळणी. एका मुलीनं वहीच उघडली नाही. “माझ्यानं व्हत नाही मॅडम.” रुसवा नाही, भीती नाही, ठाम माहिती दिल्यासारखा आवाज. चौथीपासून तिच्या प्रत्येक गणितावर फुली बसलेली आहे. गणित केलं तरी फुली आणि सोडलं तरी फुली, तर हात कशाला चालवायचा?

५ जुलै, शनिवार
बी.एड.ला वाचलेला सेलिगमन पुन्हा काढला. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहींना डोक्यानं पाटी दाबून झटका थांबवता येत होता. काहींना तेवढेच झटके बसले, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नव्हता. पुढे सगळ्यांना बुटक्या आडभिंतीच्या खोक्यात ठेवलं. पलीकडे उडी मारली की सुटका. पहिल्या गटानं उडी मारली. दुसऱ्यातले बरेचसे जागेवर बसून कण्हत राहिले. प्रयोग क्रूर होता, वाचताना आजही त्रास होतो.

त्याला शिकलेली असहाय्यता म्हणतात, एवढंच आम्हाला परीक्षेपुरतं शिकवलं. पुढचं कुणी सांगितलं नाही. १९६८ मध्ये त्याच संशोधकांनी अशा कुत्र्यांना पट्ट्याला धरून पलीकडे ओढत नेलं. पुन्हा पुन्हा नेलं. हळूहळू ओढायला जोर कमी लागू लागला आणि शेवटी ती आपणहून जाऊ लागली. आधी मन पालटलं आणि मग पाय उचलला, असं झालं नाही. पाय आधी पलीकडे पडला.

शाळेत ‘सकारात्मक व्हा’ म्हणून भाषणं होतात. मला ती पटत नाहीत. फुल्यांनी भरलेली वही हातात असलेल्या मुलीला भाषणानं काय मिळणार?

१४ जुलै, सोमवार
अपूर्णांक पुस्तकातून काढले आणि रानात नेले. एकर म्हणजे चाळीस गुंठे, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. “एकराचा आठवा हिस्सा किती?” पाच गुंठे, वही न उघडणारी ती मुलगी पटकन बोलली. “मग तीन अष्टमांश?” ती थांबली. मी खडू तिच्या हातात दिला, तिचा हात धरून फळ्यावर आठ भाग पाडले, तिनं तीन रंगवले. पंधरा. दुसऱ्या गणिताला मी फक्त जवळ उभी राहिले.

३० जुलै, बुधवार
आता तिला सोपीच गणितं घालावीत असा मोह होतो. पण मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचा १९७५ चा अभ्यास तसं करू देत नाही. गणित चुकलं की कोलमडणाऱ्या मुलांचे त्यांनी दोन गट केले. एकाला सतत यशच दिलं. दुसऱ्याला मधूनमधून चुकू दिलं आणि प्रयत्न कमी पडला, एवढंच सांगितलं. पुढे खरं अपयश आलं तेव्हा पहिला गट पुन्हा ढासळला, दुसरा टिकला. म्हणून आज मुद्दाम अवघड घातलं: ७,८५५ एकरांचे गुंठे किती? पहिलं उत्तर चुकलं. फुली न मारता फक्त म्हटलं, हातचा बघ. तिनं खोडलं, पुन्हा केलं. तीन लाख चौदा हजार दोनशे.

२१ ऑगस्ट, गुरुवार
उद्या पोळा, वर्गात कुणाचं लक्ष नाही. मुलांना हिवरे बाजारची गोष्ट सांगितली. बहात्तरच्या दुष्काळानंतर गाव खंगलं, दारूत बुडालं, माणसं मजुरीला बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पाऊस वाढवणं कुणाच्या हातात नव्हतं. गाव पर्जन्यछायेत, ते आजही तिथंच आहे. पण डोंगरावर चर खणणं, झाडं लावणं, पडलेला पाऊस मोजून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवणं, हे हातात होतं. गावानं तेवढंच धरलं आणि सोडलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार
मायर आणि सेलिगमन यांनी २०१६ मध्ये आपलाच सिद्धांत उलटा केला. सुटका नसलेला त्रास लांबला की गळून बसणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया, ती शिकावी लागत नाही. शिकावा लागतो तो ताबा. आपल्या करण्यानं फरक पडतो, हे अनुभवातून कळलं की मेंदूचा पुढचा भाग ती गळण्याची प्रतिक्रिया दाबून धरतो. मला हे फार मोलाचं वाटतं. गप्प बसलेल्या मुलाला आळशी, मठ्ठ म्हणायचा हक्कच या संशोधनानं आपल्याकडून काढून घेतला.

३० सप्टेंबर, मंगळवार
मराठवाडाभर पाणीच पाणी. पैठणला नाथसागर धरणाचे दरवाजे उघडले, गोदाकाठची माणसं हलवावी लागली. इकडे कापूस काळा पडला. आज कुणाला मनाची उभारी शिकवणं पाप आहे. हे नुकसान कुणाच्या विचारसरणीनं झालेलं नाही आणि विचार बदलून भरूनही येणार नाही.

दुपारी एका मुलाचे वडील भेटले. “आपल्या हातात काय हाय मॅडम?” म्हणाले. मी म्हटलं, पाऊस नाही, भाव नाही, मदत कधी येईल तेही नाही. पंचनामा होईल तेव्हा किती गुंठ्यांतलं पीक गेलं, हे आपल्याकडं लिहिलेलं असावं. आठवीतली काही मुलं हे मोजमाप करायला तयार आहेत. परवा दसरा, त्यामुळं शुक्रवारी वाफसा असेल तिथून सुरुवात. शाळेची मोजपट्टी मागून ठेवली आहे. एका ठिकाणी बांध तिरका आहे, तिथं त्रिकोणाचं क्षेत्रफळ लागेल. ते उद्या आधी शिकवते.