वेगाची हौस आणि पावती

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून रात्री एखादी मोटारसायकल गर्जत गेली की आमच्या चाळीतील ज्येष्ठ मंडळी तिच्या स्वाराचा मनसोक्त उद्धार करतात. आम्हांला त्या गोंगाटाचा त्रास होतोच. तथापि यंत्र जसे मिळाले तसे न स्वीकारता ते खोलून अधिक वेगवान करू पाहण्याच्या हौसेचे थोडे कौतुकही वाटते. (हे मत आमच्या घरी कोणासही मान्य नाही.)

या हौसेला कायद्याचे कुंपण आहे. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या.

अमेरिकेत कुंपण घातले ते नुकसानभरपाईच्या दाव्यांनी. मॅकफर्सन नावाच्या गृहस्थांच्या ब्यूइक मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे मोडले आणि ते जखमी झाले. चाक दुसऱ्याच कारखान्याचे, मोटार घेतलेली विक्रेत्याकडून; तरीही तपासणी न केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१६ साली मोटार कंपनीसच जबाबदार धरले. पुढे १९६३ साली कॅलिफोर्नियात निष्काळजीपणा सिद्ध करण्याचीही अट उरली नाही. वेग वाढविणारे सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखानदारास तेथे पोलिसांहून वकिलाचे भय अधिक वाटावे, हे स्वाभाविकच. हौशी माणसाला मग हवी ती वस्तू मिळत नाही. पण जी मिळते तिच्यामागे कोणीतरी उभा असतो.

आपल्याकडे उत्पादन-दायित्वाची तरतूद २० जुलै २०२० पासून अमलात आली. उत्पादक अज्ञात असेल तर विक्रेताच जबाबदार, असे ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ८६ सांगते. लगेच पुढचे कलम म्हणते की, वस्तूत फेरफार वा तिचा गैरवापर झाला असल्यास विक्रेत्याविरुद्ध दावा चालणार नाही. जर्मनीत सुट्या भागाची अधिकृत तपासणी करून त्याची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत करून घेता येते. सरसकट मनाईपेक्षा ती रीत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

गतवर्षी शेजारच्या मुलाबरोबर आम्ही एका दुकानात गेलो होतो. खोक्यावर ना कारखान्याचे नाव, ना पत्ता. आम्ही पावती मागताच दुकानदाराने खोके परत आत ठेवले. त्यात ब्रेकचे पॅड होते.