अडतीस नंबरचं जॅकेट

सहल ठरवण्याचं काम प्रत्येक ग्रुपमध्ये एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. ज्याला गाड्यांच्या वेळा पाठ असतात आणि 'नाही' म्हणता येत नाही, असा तो माणूस. आमच्या ग्रुपमध्ये तो मी आहे.

ग्रुप सहा जणांचा. छंद म्हणजे जुने कपडे, त्यातही चामड्याची जॅकेटं. इथे लंडनमध्ये शुक्रवारच्या पोर्टोबेलो बाजारात एकाच हँगरवर दोघांचे हात पडले, भांडण होता होता कॉफी झाली, आणि असे करत करत सात-आठ वर्षांत सहा जण जमलो. लीड्सची एक नर्स, ग्लासगोचे एक मास्तर, एक पोलिश जोडपं, मी, आणि ज्यांना मी मनातल्या मनात 'आजोबा' म्हणतो ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. येत्या मे महिन्यात आम्ही सहा दिवस एडिनबरा ते लंडन अशी सहल काढतोय. निव्वळ कपडे बघायला!

हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने चामडं कशाचं ते विचारलं. घोड्याचं, म्हटल्यावर एक सुस्कारा ऐकू आला. पण तिचा खरा प्रश्न पुढे होता. "आणि कुणी घातलेलं असतं रे ते?"

आमच्या घरी जुन्या कपड्यांचा शेवटचा मुक्काम बोहारणीकडे. ती दारात बसायची, शर्ट उजेडाकडे धरायची, काखेतली शिवण ओढून बघायची, कॉलर उलटी करायची आणि नाक मुरडून म्हणायची, "यात नुसती वाटी येईल." आई पातेल्यासाठी हटून बसायची. आज इतक्या वर्षांनी लंडनच्या बाजारात मी नेमकं तेच करतो: काख, कॉलर, अस्तर. चामड्याच्या जॅकेटात आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे चेन. अमेरिकन जॅकेटावर बऱ्याचदा टॅलन, ब्रिटिश जॅकेटावर लाइटनिंग. चेन मूळची असेल तर वयाचा अंदाज तिच्यावरून येतो. आणि दुसरं, बोट घासल्यावर लालसर भुकटी हाताला लागते का. लागली तर चामडं आतून मेलं, कितीही तेल लावा, परत यायचं नाही. बोहारणीला ही विद्या कुणी शिकवली नव्हती, आणि वाटी मात्र मला कुणी देत नाही, उलट मीच पैसे मोजतो.

तर सहलीचं नियोजन. महिन्यावरून पहिला वाद झाला. नर्सबाईंना सप्टेंबर हवा होता, कारण तेव्हा गुडवूड रिव्हायव्हल असतं. १९४८ ते १९६६ या काळात चाललेल्या गाड्यांच्या शर्यतींचा तो ट्रॅक. १९९८ पासून तिथे दर सप्टेंबरात लोक त्याच काळातले कपडे घालून येतात. पण त्या दिवसांत आसपास खोली मिळणं कठीण, आणि मिळालीच तर तिच्या भाड्यात एक जॅकेट येतं. जुलै-ऑगस्ट बाद, कारण घामाने चिकटलेल्या अंगावर घोड्याचं चामडं चढवून बघणं ही शिक्षा आहे. म्हणून मे.

मग वारांचं गणित. हे बाजार रोज भरत नाहीत. पुण्याचा जुना बाजार जसा बुधवार-रविवारचा, तसं इथेही. स्पिटलफील्ड्सला जुन्या वस्तू गुरुवारी, पोर्टोबेलोला जुन्या कपड्यांसाठी शुक्रवार. शनिवारी तिथे इतकी गर्दी असते की आपण कपडे बघत नाही, माणसांच्या पाठी बघतो. म्हणून सोमवारी एडिनबरा. तिथे ग्रासमार्केटमध्ये आर्मस्ट्राँग नावाचं दुकान १८४० पासूनचा वारसा सांगतं. मंगळवारी गालाशील्स, बुधवारी आगगाडीने लंडन, मग गुरुवार-शुक्रवारचे बाजार.

गालाशील्स हे लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव. तिथे एरो लेदर ही कंपनी १९३०-४० च्या घाटाची जॅकेटं आजही घोड्याच्या चामड्यात शिवते. गावाला जाणारा लोहमार्ग १९६९ मध्ये बंद झाला होता, तो २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला, त्यामुळे एडिनबऱ्याहून तासाभरात पोचता येतं. मास्तरांचा याला तात्त्विक विरोध आहे. नवं शिवलेलं ते जुनं कसं, असा त्यांचा सवाल. यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कारागिरी बघायला काय हरकत आहे, या मुद्द्यावर तह झाला.

सामानाचाही प्रश्न होताच. घोड्याच्या चामड्याचं चांगलं जाड जॅकेट अडीच-तीन किलो भरतं. सहा जणांनी एकेक घेतलं आणि एकेक अंगावर आणलं, तर डब्यातल्या फळीवर दुसऱ्या कुणाला जागा राहणार नाही. जाताना बॅग अर्धी रिकामी ठेवायची, हा नियम त्यातून आला.

पण सगळ्यात नाजूक नियम वेगळा आहे. बाकी कुठल्याही खरेदीला चार जण गेले तर चौघे चार साड्या आणतात. इथे वस्तू एकच असते. १९५० सालचं ते जॅकेट त्या मापात पुन्हा मिळणार नाही, आणि हव्यास सहाही जणांना. हात पहिला पडला त्याचं म्हणावं, तर लोक दुकानात धावत सुटतात (पोलिश नवरा धावला आहे). म्हणून मी नियम सुचवला: ज्याला बसेल त्याचं. जुन्या लेबलवरच्या नंबरावर विश्वास ठेवायचा नाही, ती मापं आजच्यापेक्षा तंग असतात. जॅकेट सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत टेप लावायचा, आकडा दुप्पट करायचा, मग खांदे आणि बाही. सगळ्यांना पटलं. टेप कुणाची बाजू घेत नाही.

हे सगळं कागदावर उतरलं, आणि मग आजोबांचा फोन आला. म्हणाले, "मी काही विकत घेणार नाहीये. मी माझं द्यायला येतोय."

त्यांचं जॅकेट म्हणजे लुईस लेदर्सचं ब्राँक्स. १९६४ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, शिकाऊ कामगाराच्या पगारातून दर आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी ते घेतलं. मार्लन ब्रँडोने जॅकेट घालून गाजवलेला 'द वाइल्ड वन' हा १९५३ चा चित्रपट तेव्हा ब्रिटनमध्ये बघायलाच मिळत नव्हता. सेन्सॉरने त्याला १९६७ पर्यंत परवानगी दिली नाही. पण न बघितलेल्या चित्रपटातल्यासारखं जॅकेट घालून पोरं मोटरसायकली पिटाळत होती. आजोबा जायचे एस कॅफेला. नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा हा कॅफे १९३८ चा. तो १९६९ मध्ये बंद पडला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला. मी वेंबलीला भाजी आणायला जातो तिथून तो फार लांब नाही. नीसडनचं स्वामिनारायण मंदिरही जवळच.

आजोबांना मूलबाळ नाही. पुतण्याला जॅकेट दाखवलं, त्याने विचारलं, इंटरनेटवर किती येतील? संग्रहालयात द्यायला ते तयार नाहीत. काचेमागे ठेवलेलं जॅकेट कुणाचंच नसतं, म्हणतात. अट एकच, जो घेईल त्याने ते पावसात घालायचं.

त्यांनी माप कळवलं. छाती अडतीस. मास्तर चव्वेचाळीस, पोलिश जोडप्यात नवरा भलता रुंद आणि बायको अगदी चणीने लहान. उरलो नर्सबाई आणि मी. दोघंही अडतीस.

खरं सांगतो, मला ते हवंय. माझे बाबा गेले तेव्हा मी इथे होतो. तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत त्यांचं कपाट रीतीप्रमाणे रिकामं झालं होतं. शर्ट, कोट, सगळं वाटलेलं. त्यात चूक कुणाचीच नाही. गेलेल्याचे कपडे अडवून ठेवू नयेत, कुणाच्या तरी अंगाला लागावेत, हे शहाणपणच आहे. पण एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने आपल्या खांद्यावर कपडा ठेवणं, ही गोष्ट माझ्या वाट्याला आली नाही. आईच्या त्या प्रश्नाला मला द्यायचं उत्तर हेच आहे. कुणी घातलेलं असतं, म्हणून तर.

नर्सबाईंनाही ते हवं असणार. त्या मोटरसायकल चालवतात, मी बसने फिरतो. आजोबांची पावसाची अट कुणाला जास्त शोभते हे मला कळतं. नियम मीच केलाय, आणि तो आम्हा दोघांनाही तितकाच लागू आहे. टेपचं काम इथे संपलं.

मी आजोबांना विचारलं, तुमच्या मनात कोण? ते म्हणाले, "दोघांच्या अंगावर बघू दे आधी."

तेव्हा सहलीचा शेवटचा दिवस, शनिवार, मी बदलला. त्या दिवशी सकाळी एक संग्रहालय होतं, ते काढलं. दुपारी बारा वाजता एस कॅफे, सहा जणांचं टेबल. तक्त्यात बाकी प्रत्येक दिवसाच्या पुढे तीन-तीन ओळी आहेत. शनिवारच्या दुपारचा रकाना मी कोरा ठेवलाय.