पस्तीस-छत्तीस

भाच्याला लग्नात जुना सूट घालायचा होता, म्हणून पत्र्याची ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास थेट घशात गेला. सगळ्यात वर बाबांचा लग्नातला सूट. टेरिवूलचा, १९६९ सालचा. "मामा, साइज काय आहे?" भाच्यानं फोनवर विचारलं. शिवून घेतलेल्या कपड्याला साइज नसते रे, माप असतं.

आतल्या खिशावर शिंप्याच्या नावाची पट्टी होती, आकडा कुठेच नव्हता. बटणं लावून कोट पलंगावर सपाट पसरला आणि टेप धरली. एका काखेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणीस इंच. दुप्पट ३९. त्यातून अंगाभोवतीचा सैलपणा तीन-चार इंच वजा. म्हणजे छाती ३५, फार तर ३६. पुन्हा मोजलं, तेवढंच. ज्यांच्या खांद्यावर बसून मी विसर्जनाच्या मिरवणुका पाहिल्या, ते बाबा एवढेसे? खांद्यात तर जाड पॅड होते. पँटची कंबर २८ भरली, पण ती पार बेंबीपर्यंत चढवायची. आसन इतकं उंच की कमरेखाली बसणाऱ्या जीन्सच्या २८ शी तिची तुलनाच करता येत नाही.

दर दिवाळीआधी आई हा सूट गच्चीवर उन्हात टाकायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही. संध्याकाळी घडी घालताना अस्तरावरून हात फिरवायची आणि गप्प असायची. मला ते बाबांवरचं प्रेम वाटायचं. सूट अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी दिलेला, हे मावशीनं फार उशिरा सांगितलं. दिलेला म्हणजे मागितलेला. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. कापडवाल्याची उधारी वर्षभर फेडत होते.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. लग्नाची बैठक बसली तेव्हा त्याला आठ वर्षं झाली होती. पण त्याच कायद्यात एक स्पष्टीकरण होतं: लग्नात दिलेल्या भेटी, त्यात कपडेही आले, लग्नाच्या बदल्यात दिलेल्या नसतील तर तो हुंडा नव्हे. १९८४ च्या दुरुस्तीत ते वगळलं. तोवर यादीवर 'मानपान' लिहिलं की भागत होतं. त्या बैठकीतल्या वडीलधाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. बाबाही तिथं मान खाली घालून बसले होते. एक शब्द बोलायला हवं होतं त्यांनी.

आणि तरी ती ३५ ची छाती डोळ्यांसमोरून हलत नाही. चोवीस वर्षांचा पोरगा होता तो.

भाच्याची छाती ३८. कोट वाढवता येईल का, हे पाहायला पाठीची मधली शिवण आतून चाचपली. शिंप्यानं दोन्ही बाजूंना इंच-इंच माया सोडली होती, जावई पुढेमागे अंगानं भरेल म्हणून. ती उसवायची वेळ कधी आलीच नाही. ब्लेडनं चार टाके काढले. बाहेरून कोट उन्हं खाऊन राखाडी पडलाय. मायेतलं कापड मात्र गडद निळं, मोरपिसाच्या डोळ्यासारखं. अण्णांनी दुकानात दोन बोटांत चोळून पाहिलं असेल, ते हे.