डोळा नुसता बघत नाही हो!

अहो, डोळा फक्त बघायला नसतो! हे वाचल्यापासून भेटेल त्याला थांबवून सांगतेय. मी डॉक्टर नाही, विज्ञान दहावीनंतर सुटलं, तरी ऐकाच!

रंग-आकार टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यात असतात, एवढं शाळेत शिकलो होतो. पण तिथेच आणखी थोड्या पेशी आहेत, ज्यांना चित्राशी फारसं देणंघेणंच नाही! उजेड किती आहे ते मोजायचं, मेंदूला कळवायचं, आणि मग मेंदूतलं घड्याळ त्यावर लागतं! झोप, जाग, सगळं!

आणि याचा धागा कुठे सापडला? बेडकाच्या कातडीत! बशीत ठेवलेल्या त्या पेशी उजेड पडला की आपोआप गडद होतात. डोळा नाही, मेंदू नाही, नुसती कातडी! त्यातलं मेलानॉप्सिन नावाचं प्रथिन इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये शोधलं, आणि मग 2000 मध्ये तेच माणसाच्या डोळ्यात मिळालं, आणि मग 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं की उंदरांच्या डोळ्यातल्या या पेशी बाकीच्यांशी संपर्क तोडला तरी उजेडाला प्रतिसाद देतात! शंभरहून जास्त वर्षं शास्त्रज्ञ तो पडदा सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होते, तरी!

अंगावर काटा आला तो 1995 च्या एका प्रयोगाने. उजेड-अंधारही न कळणाऱ्या अकरा अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर रात्री प्रखर उजेड टाकला, तर तिघांच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्रीचं संप्रेरक, उतरलं! डोळे झाकले की उतरेना. दिसत काहीच नव्हतं, पण मेंदूला निरोप पोचत होता!

मग काय, मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला शेजारची बिल्डिंग अगदी चिकटलेली. ट्यूब लावूनही ओट्यापाशी शे-दीडशे लक्स! आणि मग गच्चीत धावले, आभाळ भरलेलं, पाऊस आता कोसळेल की मग, तरी आकडा हजारोंत! कित्येक पटींचा फरक, आणि नजरेला त्याचा पत्ताच नाही, कारण नजर लगेच जुळवून घेते!

आता सकाळचा चहा गच्चीत, छत्री धरून का होईना. तुम्ही अंधेरीत असा, बोरिवलीत असा, घाटकोपरला असा, उठा! आधी हॉलमध्ये मोजा, मग खाली रस्त्यावर येऊन मोजा, आणि दोन्ही आकडे मला लगेच कळवा!